बाल्दिनीचं अथेन्सचं गोल्ड आयतं होतं का?

संत्रानगरी_रनर: आज सेमिनरी हिल्सवर पळून झाल्यावर तर्री पोह्याच्या ठेल्यावर वाद झाला. ग्रुपातला एक जण म्हणे, २००४ च्या ऑलिम्पिकमध्ये इटलीच्या स्तेफानो बाल्दिनीला मॅरेथॉनचं गोल्ड आयतं मिळालं, पुढं असलेल्या ब्राझीलच्या डि लिमाला एका येड्यानं रस्त्यातच ढकललं म्हणून. मी नाही म्हटलं पण पटवून देता नाही आलं. खरं काय भाऊ?

अंबाझरी_लूप: काहीही बोलून राहिला तो. ढकललं ३५ किमीच्या आसपास, आणि डि लिमाची लीड त्याच्या आधीच कमी होत चालली होती. शेवटी बाल्दिनी २:१०:५५, तिसरा आलेला डि लिमा २:१२:११, म्हणजे ७६ सेकंदांचा फरक. तो काय सगळा त्या ढकलाढकलीत गेला? अन् दुसरा आलेला अमेरिकेचा केफ्लेझिगी ३४ सेकंद मागं होता, त्याला कोणी ढकललं? तो रूट पण पहा, मॅरेथॉन गावातून निघून दहाव्या किमीनंतर तिसाव्याच्या पुढंपर्यंत बहुतेक चढच, वरून ऑगस्टची गरमी. बाल्दिनी तोवर गुपचूप ग्रुपात बसला अन् उतार लागल्यावर सुटला. वर्ल्ड रेकॉर्डवाला केनियाचा टरगट त्या दिवशी दहावा आला बाप्पा.

फुटाळा_स्लो: सेकंद मोजू नका दादा. मागच्या वर्षी १८ व्या किमीला एक काका मोपेड घेऊन आडवे आले, मी थांबलो फार तर पाच सेकंद, पण पाय असे जड झाले की पुन्हा लय सापडलीच नाही, पुढचे तीन किमी नुसता ओढत गेलो. डि लिमा तरी हसत फिनिशला आला. बाल्दिनी जिंकलाच असता, पण डि लिमाचं सिल्व्हर गेलं असं मला वाटते.

गोधनी_एक्सप्रेस: ठेल्यावर वाद घालणाऱ्या त्या गड्याला बाल्दिनीचं बाकीचं करिअर पण सांगा ना. युरोपियन मॅरेथॉन दोनदा, १९९८ अन् २००६, वर्ल्ड चॅम्पियनशिपची दोन ब्राँझ, २००१ अन् २००३. लंडनला २:०७:२२ पळाला तेव्हा गडी पस्तिशीला टेकला होता. त्याचा कोच जिलिओत्ती, त्यानंच १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये इटलीच्याच बोर्दिनला मॅरेथॉनचं गोल्ड मिळवून दिलं होतं. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये मात्र बाल्दिनीनं रेस अर्धवट सोडली होती, हे त्याला नका सांगू, तेच धरून बसंल.

संत्रानगरी_रनर: थँक्यू भाऊ. लिंक पाठवली त्याला. म्हणे डि लिमाचं सिल्व्हर मान्य, पण पुढच्या रविवारचे पोहे तूच दे.