शाळेतून फोन आला की पालक आधी घाबरतात, हे बदलायचं कोणी?

खडूचे_डाग:
मी माध्यमिकला विज्ञान शिकवते, चौदा वर्षं झाली. परवा एका मुलाच्या वडिलांना फोन केला. मी नाव सांगितल्या सांगितल्या पलीकडून पहिला प्रश्न आला, "काय केलं त्याने आता?" आणि मी फोन केला होता तो चांगलं सांगायला. प्रयोगवहीत त्याची रीडिंग चुकली होती, कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण तो स्वतः येऊन म्हणाला मॅडम माझी तिसरी नोंद खोटी आहे, मी शेजारच्याची उतरवली, मला परत करू द्या. हे सगळं मी सांगितलं तर ते गप्प. मग म्हणाले, "बरं. बाकी काय?" असं तीनदा विचारलं. त्यांना वाटत होतं खरी गोष्ट मी शेवटी सांगणार आहे.

फोन ठेवल्यावर माझी डायरी काढली. या वर्षी मी घरी ३१ फोन केलेत, त्यातले २९ तक्रारीचे. म्हणजे त्या वडिलांचं काहीच चुकलं नाही, मीच त्यांना ही सवय लावली.

माझं मत असं झालंय की वर्षातला पहिला फोन तक्रारीचा असताच कामा नये. शाळा सुरू झाली की पहिल्या महिना दीड महिन्यात प्रत्येक घरी दोन मिनिटं, मी कोण, तुमच्या मुलाबद्दल मला काय माहीत असायला हवं, आणि त्याची एक लक्षात आलेली चांगली गोष्ट. पुढे अडचण आली तर निदान अनोळखी आवाज तरी नसेल. तुम्हाला काय वाटतं, शिक्षक आणि पालक दोघांनी सांगा.

गणितवाला_सर:
मॅडम, भावना पोचली पण असहमत. माझ्याकडे चार तुकड्या, मिळून २२० मुलं. एका फोनला पाच मिनिटं धरा (दोन मिनिटांत कोणीही ठेवत नाही, पालक बोलायला लागले की आपण कसं तोडणार), झाले अकराशे मिनिटं, म्हणजे अठरा तासांच्या वर. त्यात न उचललेले फोन, बंद नंबर, परत केलेले फोन धरलेच नाहीत. हे सगळं शाळा सुटल्यावर, स्वतःच्या घरच्या वेळेत. पेपर कोण तपासणार? शिक्षकावर अजून एक काम टाकायचं आणि त्याला संवाद म्हणायचं हे मला पटत नाही. आणि ज्यांच्या मुलाची खरंच अडचण आहे त्यांना द्यायचा वेळ मी ज्यांचं सगळं सुरळीत आहे त्यांना का देऊ?

लेकीचा_बाबा:
पालक म्हणून लिहितो. चांगल्या फोनला माझा विरोध नाही पण मला त्याहून जास्त गरज आहे सरळ बोलण्याची. लेकीच्या तीन पालकसभांना गेलो, तिन्ही वेळा उत्तर एकच, "हुशार आहे, फक्त थोडं लक्ष द्या." वार्षिकला दोन विषयांत गेली. मी विचारतो लक्ष द्या म्हणजे नक्की काय द्यायचं? रोज शेजारी बसू? मोबाईल काढून घेऊ? शिकवणी लावू? कोणीतरी सांगायला हवं होतं की तिला अपूर्णांक कळलेले नाहीत आणि त्यामुळे पुढचं सगळं अडतंय, मी त्या अपूर्णांकांवर रोज अर्धा तास बसलो असतो. गोड बोलण्याने माझं वर्ष गेलं, खरं म्हणजे तिचं गेलं.

अजून एक. मी एकटा वाढवतो तिला. फॉर्मवर स्वच्छ लिहिलंय. तरी दर वेळी शाळेतून, "आईला पाठवा ना जरा." एकदा लेक शेजारी उभी असताना म्हणाले. शिक्षकांनी फोन लावायच्या आधी फक्त फॉर्म वाचला तरी निम्मा संवाद सुधारेल.

आकडेमोड:
लेकीचा_बाबा यांच्या बाजूने एक अभ्यास सांगतो, कारण चर्चा नुसती मतांवर चाललीय. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स या दोघांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला. हायस्कूलची मुलं, राहिलेला विषय सुट्टीतल्या वर्गात परत करणारी. काहींच्या पालकांना शिक्षकांकडून आठवड्यातून एकदा एकच वाक्याचा निरोप गेला, काहींना काहीच नाही. निरोपातही दोन प्रकार, एकात मूल काय चांगलं करतंय ते, दुसऱ्यात काय सुधारायला हवं ते. निरोप न गेलेल्यांत १५.८ टक्के मुलांचा विषय राहिला, निरोप गेलेल्यांत ९.३. मुख्य फरक पडला तो मधेच वर्ग सोडून जाणं कमी झाल्यामुळे.

आणि जास्त परिणाम कशाचा, तर काय सुधारायचं ते सांगणाऱ्या निरोपाचा. म्हणजे खडूचे_डाग, कौतुकाचा फोन छान वाटतो, पण पालकाच्या हातात काम पडतं ते "मंगळवारच्या दोन असाइनमेंट दिलेल्या नाहीत, शुक्रवारपर्यंत घेईन" अशा वाक्याने. आणि गणितवाला_सर, त्यांना पाच मिनिटांचे फोन लागले नाहीत, एक वाक्य आठवड्याला पुरलं.

खडूचे_डाग:
आकडेमोड, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मी थोडी अडून राहणार. ते वाक्य पालक कोणत्या कानाने ऐकतो हे आधीच्या ओळखीवर ठरतं ना? माझ्याकडच्या २९ तक्रारींपैकी बऱ्याच नेमक्या होत्या, तारखेसकट. तरी समोरून एकतर "आम्ही काय करणार, आमचं ऐकत नाही" किंवा मुलावर भडकणं. काय सुधारायचं ते सांगायलाच हवं, लेकीचा_बाबा यांचं वाचून मला लाजच वाटली, "लक्ष द्या" मीही शंभर वेळा म्हटलंय. पण आधी एकदा तरी मी त्यांच्या मुलाला माणूस म्हणून ओळखते हे त्यांना कळू दे, एवढंच.

रात्रपाळी:
मी हॉस्पिटलमध्ये रात्रीच्या ड्यूटीला असते. पालकसभा कायम सकाळी दहाला, मी घरी येऊन झोपलेली असते तेव्हा. नाही गेले की शेरा "पालक उदासीन". एकदाही कोणी विचारलं नाही की तुम्हाला कधी जमतं. मला व्हॉइस मेसेज चालतो, ब्रेकमध्ये ऐकते, उत्तर देते. आमच्या शेजारच्या बाईंना वाचता येत नाही, त्यांच्या डायरीत लाल पेनाने पानं भरलेली, मुलगा "सही कर" म्हणतो, त्या करतात. काय लिहिलंय ते फक्त मुलाला माहीत. त्यांनाही व्हॉइस मेसेज दिला असता तर एका मिनिटात कळलं असतं. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून तीन गोष्टी लिहून घ्या, कोणत्या वेळी, कोणत्या नंबरवर, लिहून की बोलून. याला अठरा तास लागत नाहीत.

गणितवाला_सर:
रात्रपाळी ताई, हे मात्र शंभर टक्के मान्य. वेळ विचारणं ही शाळेची जबाबदारी आहे. आठवड्याला एक वाक्य तेही जमेल, सगळ्यांना नाही पण ज्यांचं काम राहतंय त्यांना. तरी माझा मुद्दा कोणी घेतलाच नाही, की शिक्षकाच्याही वेळेला हद्द असावी. रात्री साडेदहाला "सर उद्या पेपरला कंपास चालेल का", सकाळी सहाला "मेसेज बघून रिप्लाय नाही". मी आता सरळ सांगतो, शाळेच्या दिवशी चार ते पाच, बाकी वेळी उत्तर दुसऱ्या दिवशी. पहिले पंधरा दिवस चिडले पालक, मग सरावले.

मधलीसुट्टी:
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल कोणीच कसं बोललं नाही? माझ्या मते निम्मी भांडणं तिथे होतात. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर बाईंनी चाचणीच्या मार्कांची पूर्ण यादी टाकली, नावांसकट. हेतू वाईट नसेल, पण माझा मुलगा खालून दुसरा होता आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण आयांनी घरी सांगितलं. तो आठवडाभर शाळेत जाईना. मी बाईंशी बोलले तर म्हणाल्या पारदर्शकता हवी ना. एका मुलाबद्दलची गोष्ट फक्त त्याच्या घरी सांगायची, मार्क असोत, दांडी असो, आजारपण असो. ग्रुप फक्त सूचनांसाठी, फक्त शिक्षकाला लिहिता येईल अशी सेटिंग करून. कौतुकही नको ग्रुपवर, उरलेले पन्नास जण आपल्या मुलाकडे बघायला लागतात.

लेकीचा_बाबा:
ग्रुपवर फक्त शिक्षकाने लिहायचं हे पटलं नाही. मग पालकांनी प्रश्न कुठे विचारायचा? एकाला पडलेला प्रश्न वीस जणांना असतो. मार्क टाकणं चूकच, पण तोंड बंद करणं हा उपाय नव्हे.

मागचा_बाक:
सगळं वाचलं. पालक आणि शिक्षक बोलतायत, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो कुठेच नाही, म्हणून लिहितोय, मी आता पंचविशीचा आहे.

माझ्या आईला शाळेची भाषा येत नव्हती. पालकसभेत मधे मी. बाई सांगायच्या आणि मी आईला सांगायचो. बाई म्हणाल्या हा मारामारी करतो, मी आईला सांगितलं बाई म्हणतात खेळात चांगला आहे. आई हसून बाईंना हात जोडायची, बाईंना वाटायचं काय आई आहे, हसते. तीन वर्षं असं चाललं. मला मजा नव्हती वाटत, भीती वाटायची की एक दिवस कळणार. मोठा माणूस दुभाषा म्हणून शोधा, शाळेत कोणीतरी सापडतोच, शिपाई असेल, दुसरा पालक असेल, पण मुलाला त्या जागी बसवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या शाळेनंतरच्या शाळेत एका सरांनी फोन करून वडिलांना सगळं नेमकं सांगितलं, तारखेसकट, आकडेमोड म्हणतात तसंच. त्या रात्री पट्ट्याने मार खाल्ला. सरांना कधीच कळलं नाही, त्यांच्या दृष्टीने फोन यशस्वी झाला कारण मी दुसऱ्या दिवसापासून गप्प बसायला लागलो. तेव्हा फोन करायच्या आधी शिक्षकाला हे माहीत हवं की या घरात त्या फोनचं पुढे काय होतं. माहीत नसेल तर आधी मुलाशी बोला. "मी घरी सांगणार आहे, तुला आधी स्वतः सांगायचंय का, मी सांगितलं तर काय होईल" एवढं विचारा. मुलाचा चेहराच सांगतो. आणि धोका दिसला तर तो फोन करायचाच नाही, शाळेत समुपदेशक असतील त्यांच्याकडे जायचं.

आकडेमोड:
मागचा_बाक, वाचून सुन्न झालो. माझ्या आकड्यांत हे दिसत नाही, मान्य करतो. पण मग प्रत्येक गोष्टीला मुलाची परवानगी घ्यायची का? सातवी आठवीतलं कोणतं मूल म्हणेल की हो सांगा घरी? पालकाला कळण्याचा हक्क आहेच.

मागचा_बाक:
परवानगी म्हणालो नाही मी. आधी सांगणं म्हणालो. त्याच्या पाठीमागे नको. जमलं तर त्याला समोर बसवूनच बोला, काही ठिकाणी पालकसभा मूलच चालवतं, वह्या पुढे ठेवतं, हे जमलं हे नाही जमलं स्वतः सांगतं, शिक्षक शेजारी बसतात. "याचं काय करायचं" असं त्याच्या डोक्यावरून बोलणं तरी थांबतं.

खडूचे_डाग:
घरात काय होतं ते कळायचं कसं, याला एक प्रयोग वाचलेला आठवतो. अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोमध्ये १९९८ पासून शिक्षक विद्यार्थ्यांच्या घरी जातात, दोघं दोघं मिळून, पालकांची तयारी असेल तरच. पहिल्या भेटीत तक्रार नाही, मार्क नाहीत, विचारायचं ते मुलाबद्दल तुमची काय स्वप्नं आहेत. आणि फक्त वांड मुलांच्या घरी जायचं नाही, म्हणजे शिक्षक आले यावरून गल्लीत चर्चा नको.

गणितवाला_सर:
मॅडम, त्या प्रयोगाची एक गोष्ट राहिली तुमची. तिथे या भेटींचं शिक्षकांना प्रशिक्षण मिळतं आणि वेळेचे पैसे मिळतात. त्यांनी ते काम मानलं. आपल्याकडून तेच काम मन मोठं आहे म्हणून मागितलं जातं. वेळापत्रकात आठवड्याला एक तास पालकांसाठी द्या, मी पहिला फोन लावेन.

तोपर्यंत एवढं करतो. आठवड्याला पाच फोन, हजेरीपटावर मधल्या मुलांपासून. पहिली पाच आणि शेवटची पाच मुलं आम्हाला पाठ असतात, मधल्यांच्या घरी दोन दोन वर्षं कोणाचा फोन जात नाही. काल एकीच्या आईला केला, सांगायला काय होतं माझ्याकडे? काहीच सुचेना. मग आज दिवसभर वर्गात तिच्याकडे बघत होतो की सांगण्यासारखं काय आहे.

लेकीचा_बाबा:
सर, तुमचा तो एक तास शाळेकडे मागायला आम्ही पालक सही करू. खरंच सांगतो, आमच्या शाळेत मी अर्ज लिहितोय.

खडूचे_डाग:
मागचा_बाक यांचं वाचून आज त्या प्रयोगवहीवाल्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावलं. विचारलं, माझ्या फोननंतर घरी काय झालं रे? म्हणाला बाबांनी वही बघायला मागितली, आणि माझ्याकडे नव्हती, तुम्हीच तपासायला ठेवली होती, मग ते म्हणाले खोटं बोलतोस. मला आधी सांगितलं असतं तर मी वही नेली असती मॅडम.

वही आज दिली त्याच्याजवळ. संध्याकाळी वडिलांना फोन करणार आहे, त्यालाही सांगितलंय.