स्वस्तातले विचित्र हॉरर गेम: नागपूरकरांनो, अनुभव येऊ द्या

मोठ्या कंपन्यांचे हॉरर गेम हजारोंच्या घरात गेलेत. आमच्या ग्रुपमध्ये मात्र रात्री खेळले जातात ते एकट्यादुकट्याने बनवलेले, ओबडधोबड दिसणारे, शे-दोनशे-तीनशे रुपयांचे. कारण फक्त किंमत नसावी. तुम्हाला काय सापडलं त्यांत?

प्रतापनगर
'आयर्न लंग', २०२२ चा. रक्ताच्या समुद्रात सोडलेली पाणबुडी आणि तिला बाहेर बघायला उघडी खिडकीच नाही. नकाशा आणि आकडे बघून अंदाजाने न्यायची. बाहेर काय आहे हे कळायला मागे जाऊन बटण दाबायचं, फोटो काढायचा. फोटो येतो तो दाणेदार, करडा. खडक आहे की जिवंत काही, हेच कळत नाही, आणि पुढचा फोटो काढायला हात धजत नाही. मे महिन्याच्या दुपारी खेळत होतो. कूलरच्या घरघरीत पाणबुडीबाहेरचे आवाज ऐकू येईनात, म्हणून कूलर बंद केला. घामाने निथळलो, पण उठलो नाही. खिडकी काढून घेणाऱ्याला भीती कळते, माझं ठाम मत.

महाल
माझ्या जुन्या लॅपटॉपवर दुसरं काही चालतच नव्हतं. आता चांगला पीसी आहे, तरी हेच खेळून राहिलो. पहिल्या प्लेस्टेशनवरच्या, त्या जुन्या गेम-मशीनवरच्या, चित्रांसारखे वस्तूंचे थरथरणारे कोपरे, चेहऱ्यावर नुसते रंगवलेले डोळे. तेव्हा ती मशीनची मर्यादा होती, आता मुद्दाम ठेवतात. चेहरा अर्धवट दिसला की उरलेला आपण भरतो, आणि नेमकं आपल्याच भीतीचं भरतो.

मनीषनगर
'फिअर्स टू फॅदम'चा पहिला भाग फुकट आहे, बनवणारा भारतीय. घरात एकटा मुलगा, फोनवरचे मेसेज, बाहेर कोणीतरी. भूतबित नाही. आईबाबा लग्नाला अमरावतीला गेले होते तेव्हा खेळायला घेतला. मध्येच उठून मागच्या दाराची कडी बघून आले, मग गच्चीच्या दाराची.

इतवारी
'बकशॉट रूलेट' घ्या. एक टेबल, समोर डीलर, मधे बंदूक. खरी काडतुसं किती, रिकामी किती, तेवढं दाखवतात, क्रम नाही. अर्ध्या तासात खेळ आटोपतो. महागड्या गेममध्ये हीच कल्पना वीस तास ताणली असती. एक विनंती आहे: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, आणि हे गेम त्याआधीच संपतात. पूर्ण खेळून पैसे परत मागू नका. बनवणारा एकटा असतो.

महाल
विनंतीला पाठिंबा. 'बकशॉट रूलेट' आता चौघांना मिळूनही खेळता येतं. आम्ही दोघं आहोत, शनिवारी रात्री अजून दोघं पाहिजेत. कोण येतंय?