मदत हवी आहे: वेस्ट बँकेच्या पाणीवाटपाचा तक्ता कसा मांडावा?

अभ्यासवर्गासाठी इस्रायल-पॅलेस्टाइन वादातल्या पाण्याच्या प्रश्नावर टिपण करतोय. एका जागी गाडी अडलीय, जाणकारांनी हात द्यावा.

आधार 1995 च्या दुसऱ्या ऑस्लो करारातलं कलम 40. पश्चिम भूजलसाठ्यातून वर्षाला इस्रायलला 340 दलघमी (दशलक्ष घनमीटर), पॅलेस्टिनींना 22. ईशान्येकडच्या साठ्यात 103 आणि 42. पूर्वेकडच्या साठ्यात 40 आणि 54, शिवाय 78 दलघमी ‘पुढे विकसित करायचे’ म्हणून ठेवलेले. काही जण हे 78 सरळ पॅलेस्टिनींच्या खात्यात धरून मोकळे होतात. कागदावरचं पाणी ते!

खरी गोम पश्चिम साठ्यात. पाऊस मुरतो वेस्ट बँकेच्या डोंगरात, पण पाणी उपसलं जातं ते बहुतांशी 1967 पूर्वीच्या सीमेपलीकडे, इस्रायलमध्ये. त्यामुळे नुसती सीमा आखून हा वाद मिटत नाही. वेस्ट बँकेत नवी विहीर खोदायची तर दोन्ही बाजूंच्या संयुक्त जल समितीची एकमताने मंजुरी लागते. जागा ‘क’ क्षेत्रात (इस्रायलच्या पूर्ण ताब्यातला, वेस्ट बँकेचा सुमारे 60 टक्के भूभाग) असेल तर इस्रायली नागरी प्रशासनाचा परवाना वेगळा. आपल्याकडे कृष्णेला निदान लवाद तरी मिळाला. इथे समितीत फिसकटलं की प्रस्ताव पडून.

आता प्रश्न. 1995 नंतरच्या प्रत्यक्ष उपशाचे साठानिहाय आकडे दोन्ही बाजूंचे शेजारी-शेजारी कुठे मिळतील? विहिरी आणि झरे वेगळे दाखवलेले हवेत. मेकोरोट या इस्रायली सरकारी पाणी कंपनीकडून विकत घेतलेलं पाणी पॅलेस्टिनी वाट्यात धरावं की स्वतंत्र रकान्यात? मी स्वतंत्र ठेवलंय, कारण विकत घेणं म्हणजे हक्क नव्हे. आणि 2005 पासून इस्रायलच्या किनाऱ्यावर अश्केलॉनला समुद्राचं पाणी गोडं होऊ लागल्यावर वाटाघाटीत इस्रायलने नैसर्गिक साठ्यांवरचा दावा कुठे सैल केलाय का?

हिब्रू किंवा अरबी दुवे असले तरी चालतील.