माशा मारायची जुनी मशीन घेतलीत, साफ कशी करू? (नाशिक)

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. रविवार कारंजाजवळचं एक मिठाईचं दुकान बंद झालं, त्यांच्या सामानातून माशा मारायची दोन मशीन उचलली. निळ्या ट्यूबची, दोन फुटी, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. दोन्हींचे मिळून सहाशे दिले. एक चालतं, पण लावलं की सिस्स आवाज येत राहतो आणि माशी नसतानाही एका कोपऱ्यात तडतडतं. दुसरं ढिम्म. दोन्हींवर तुपाचा आणि पाकाचा चिकट थर, त्यात माशा रुतलेल्या. बायकोने घरात घ्यायला साफ नकार दिलाय, सध्या मुक्काम जिन्याखाली. आई मळ्यात राहते, पावसाळ्यात तिकडे डास फार, तिथे लावायचा विचार आहे. पाण्याने धुतलं तर चालेल का? ट्यूब कोणती घालू?

घंटागाडी
सहाशे? भंगारात किलोवर मिळालं असतं की भो.

चोकवाले काका
किलोवर मिळतं, पण तिकडे येईस्तोवर ट्यूब फुटलेली आणि आतलं तांबं आधीच काढलेलं असतं. दुकानातून थेट उचललं ते बरं केलंत.

पंचवटीकर, ते चालू मशीन आधी बंद करा. मी सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला होतो, निवृत्तीनंतर हीच मशीन गोळा करून दुरुस्त करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाळीच्या तारांमध्ये एक आड एक वेगळं टोक जोडलेलं असतं. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे दोन ते चार हजार करतो. माशी दोन तारांना टेकली की ठिणगी. माशी नसताना ठिणगी पडते, म्हणजे करंटने दुसरी वाट शोधलीय, आणि ती वाट बहुतेक वेळा तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या टोकांवरून जाते. तिथे पोर्सलीनचे मणी असतात किंवा प्लास्टिकची पट्टी. त्यावर तूप बसतं, तुपावर जळक्या माशांची काजळी. लोक तारा चमकवत बसतात आणि हे मणी तसेच सोडतात. माझ्याकडे आलेल्या मशीनमध्ये खरं दुखणं बहुतेक तिथेच निघतं.

उघडण्याआधी प्लग काढून बाजूला ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. काही मॉडेलात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो आणि तो प्लग काढल्यावरही भरलेला राहतो. थोडा वेळ जाऊ द्या, मग चांगल्या प्लास्टिक मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरने शेजारशेजारच्या दोन तारा एकदम टेकवा. चट्ट असा आवाज झाला तर होऊ द्या. मगच हात घाला.

तोंडाला फडकं बांधून सुक्या ब्रशने, शक्यतो गच्चीवर, सगळं झाडून घ्या. ट्रे आणि बाहेरची जाळी सुटी करून गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने खुशाल धुवा. ट्रान्सफॉर्मर, चोक, होल्डर यांना पाणी दाखवू नका. तारा आणि मण्यांसाठी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणा, मोबाइल रिपेअरवाले वापरतात तेच, आणि जुना टूथब्रश. पाक वाळून दगड झाला असेल तर बांबूच्या काडीने खरवडा. स्टीलच्या तारेची घासणी अजिबात नको. तिचा केसाएवढा धागा दोन तारांत अडकला की नवीनच तडतड सुरू. आणि आयपीए पूर्ण उडून जाईपर्यंत मशीन लावू नका. ते पेट घेतं, आणि हे मशीन ठिणगीवरच चालतं.

झालं की रात्री दिवे मालवून लावून बघा. ट्यूबवर जाड पुठ्ठा धरा. मण्यांवर निळसर चमक दिसली तर साफसफाई अर्धीच झालीय.

बंद मशीनचं सांगायचं तर आधी दाराचा सेफ्टी स्विच बघा. बऱ्याच मॉडेलात जाळी उघडली की सप्लाय तोडणारा एक छोटा स्विच असतो, मिठाईच्या दुकानात तो तुपाने बसतो. मग स्टार्टर, मग चोक. पहिल्यांदा चालू करताना जुन्या पद्धतीचा, तारेचा शंभर वॉटचा बल्ब सिरीजला घ्या, म्हणजे करंट बल्बातून जाऊनच मशीनला मिळेल असा. बल्ब पूर्ण तेजात पेटला तर आत शॉर्ट आहे.

ट्यूब जुनी ठेवू नका. निळी दिसते म्हणून चांगली असं नसतं. माशीला ओढणारे अतिनील किरण साधारण ८००० तासांत, म्हणजे रोज चोवीस तास लावली तर वर्षभरात, बरेच कमी होतात. निळा उजेड मात्र तसाच. घेताना ३६५ किंवा ३६८ नॅनोमीटर लिहिलेलं बघा. आठ वॉटच्या छोट्या मशीनला पाणी शुद्ध करायच्या फिल्टरची ट्यूब तंतोतंत बसते, ती चुकूनही नको. ती २५४ नॅनोमीटरची असते, डोळे आणि कातडी भाजते. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, फोडू नका, ई-कचऱ्यात द्या.

पंचवटीकर
काका, बघितलं. मणी नाहीत, काळी प्लास्टिकची पट्टी आहे. तडतडणाऱ्या कोपऱ्यात त्यावर झाडाच्या मुळ्यांसारखी करडी रेघ उमटलीय. पुसून जात नाही.

चोकवाले काका
जाणार पण नाही. प्लास्टिकच जळून कोळसा झालंय आणि कोळशातून करंट जातो. ती पट्टीच बदला. बंद मशीनची चांगली असेल तर तीच काढून बसवा. एकाच दुकानातली आहेत, मॉडेल एकच असणार.

द्राक्ष_आणि_किडे
डासांसाठी लावणार असाल तर थांबा. डास माणसाचा श्वास, घामाचा वास आणि अंगाची ऊब शोधत येतो, निळ्या उजेडाचं त्याला फारसं कौतुक नाही. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाच्या फ्रिक आणि टॅलमी यांनी घरांच्या अंगणातल्या अशा मशीनमधले किडे मोजले, ते १९९६ साली छापून आलं. १३,७८९ पैकी चावणारे निघाले ३१. बाकीच्यांत पाण्यातले निरुपद्रवी किडे आणि आपल्या कामाचे, दुसऱ्या किडींना खाणारेही होते. मळ्यात उघड्यावर लावलंत तर मित्रकीटकच माराल. आईच्या खिडक्यांना जाळी ठोका, टाकीवर झाकण घाला.

गंमत म्हणजे या मशीनची सुरुवात शेतीतच. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक विल्यम हर्म्स यांनी फळबागांसाठी वर्षानुवर्षं खपून १९३४ मध्ये असं मशीन आणलं.

चोकवाले काका
डासांचं बरोबर आहे. हे माशांचंच मशीन. तेही उघड्या खाण्याच्या वर टांगायचं नाही, ठिणगीने माशीचे तुकडे आणि जंतू आजूबाजूला उडतात. खिडकीसमोरही नको, बाहेरच्या माशांना आमंत्रण जातं. खाण्याच्या ठिकाणी चिकट कागदाचं मशीन बरं.

पंचवटीकर
मग आईकडे जाळीच लावतो. चालू होईल ते मशीन मामाच्या गोठ्यात, दूध काढायच्या जागेपासून लांब. बायको खूश.

चोकवाले काका
गोठ्यात अर्थिंग नीट बघून घ्या, गुरं ओल्यात उभी असतात. हाताला लागणार नाही एवढं उंच टांगा. पट्टी काढून झाली की दुसऱ्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर भंगारात टाकू नका, मला हवाय. दोनशे देतो.

घंटागाडी
म्हणजे चारशेलाच पडलं. शब्द मागे घेतो भो.