जंगलात काळे, काचेसारखे दगड सापडले, जुनी लोखंडाची भट्टी असेल का?

डोंगरभटक्या, बोरिवली:
नमस्कार मंडळी, गेल्या रविवारी आम्ही चौघं महाबळेश्वरच्या खाली जावळीच्या बाजूला एका ओढ्याने उतरत होतो, तिथे पाचोळा पायाने सरकला तर खाली सगळे काळे दगड, हाताला भलतेच जड, एका अंगाला काचेसारखी चकाकी आणि वर काकवीचा ओघळ थिजावा तशा वळ्या. शेजारीच भाजलेल्या मातीचा नळीसारखा तुकडा, आत अंगठा जाईल एवढं भोक. मित्र म्हणतो ज्वालामुखीचा दगड आहे, सगळा सह्याद्रीच त्याचा. मला नाही पटत. पुढच्या वेळी खुरपं नेऊन थोडं खणून बघू का?

लालमाती:
नळीचं वाचून अंगावर काटा आला! भात्याची हवा भट्टीत सोडायची नळी असणार ती. आपल्या कातळातही बुडबुड्यांची भोकं असतात, पण त्यात बऱ्याचदा पांढरे स्फटिक भरलेले दिसतात. ओघळ आणि नळी एकाच जागी म्हणजे ती लोखंडाची कीट, स्लॅग, खनिजातून लोखंड काढताना निघणारा मळ. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, आपला साधा काळा कातळ, बेसॉल्टही, चुंबकाला ओढतो. त्या डोंगरांत धावड लोक जांभ्यातल्या खनिजापासून लोखंड काढायचे. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, मातीच्या भट्टीत साधारण १२०० मिळायचे, म्हणजे लोखंड वितळायचंच नाही, त्यातली घाण वितळून खाली वाहायची आणि आत स्पंजासारखा गोळा राहायचा, तो लालबुंद असतानाच ठोकून ठोकून साफ करायचा. गोळा काढायला बरेचदा भट्टीच फोडायला लागायची, त्यामुळे किल्ल्यासारखं बांधकाम शोधू नका, कीटीचा ढीग हीच खूण.

पुराणवस्तू_दादर:
कृपा करून खणू नका. एकतर जंगल वनखात्याचं, आणि दुसरं म्हणजे कुठला थर कशावर होता हे एकदा विस्कटलं की परत कळत नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला डेक्कन कॉलेजच्या लोकांना साधारण २७०० वर्षांपूर्वीची भट्टी मिळाली, ती नीट थराथराने खणली म्हणून तिचं वय सांगता आलं. तुम्ही शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, लोकेशन टिपा, आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाला कळवा, सेंट जॉर्ज किल्ल्यात ऑफिस आहे, सीएसएमटीपासून चालत.

जावळीकर:
माझं गाव तिकडचंच, आता कामोठ्याला असतो. आजी सांगायची की रानात कीट शोधायला वैद्य यायचे, तिच्यापासून मंडूर भस्म हे औषध करायला, शंभर वर्षांवरची जुनी असेल तर सगळ्यात उत्तम. धावडांचं काम मात्र इंग्रजांच्या काळात बसलं, जंगलतोडीवर बंधनं आली आणि कोळसा मिळेना, वर विलायती लोखंड स्वस्त. एवढं कसब होतं हो त्या हातांत.

डोंगरभटक्या, बोरिवली:
खूप आभार सगळ्यांचे. एक कबूल करतो, नळीचा तुकडा मी सॅकमध्ये घालून घरी आणलाय. परत तिथे ठेवू का?

पुराणवस्तू_दादर:
नको, आता हलवू नका. नेमका कुठे पडला होता ते आजच आठवून कागदावर लिहा, वर्तमानपत्रात गुंडाळा, धुऊ नका, आतली राखही महत्त्वाची असते. सोमवारी ऑफिसात घेऊन जा.