दाराशी आलेलं रान: घार, गवा, नाग, हत्ती आणि तिकडचे कुरव. तुमचे अनुभव सांगा

मंगळवार पेठ, कोल्हापूर

माझी भाची स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला शिकते. समुद्राकाठचं शहर. परवा तिचा फोन आला, "मावशी, मला घराबाहेर पडायची भीती वाटते." कारण कुरव, म्हणजे सीगल. आपल्याकडं हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर कुरव येतात, पण तिकडचा हेरिंग कुरव घारीएवढा थोराड. मूळचा समुद्रकड्यांवर घरटं करणारा, आता घरांच्या छपरांवर धुराड्यांच्या आडोशाला करतो. मे महिन्यात अंडी, जूनमध्ये पिल्लं. पिल्लू छपरावरून घसरून खाली पडलं की जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर आईबाप झेपावतात. हातातलं खाणं पळवतात, कचऱ्याच्या पिशव्या फाडतात ते वेगळंच. तिथं 1981 च्या कायद्यानं पक्ष्याला, अंड्यांना आणि वापरात असलेल्या घरट्याला हात लावता येत नाही. शहरात इतके दिसणारे हे पक्षी तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहेत, हे ऐकून मला धक्काच बसला.

तिनं विचारलं, आपल्याकडं असं झालं तर लोक काय करतात? मला नीट सांगता आलं नाही. म्हणून कोल्हापूर आणि आसपासच्या सगळ्यांना विचारते. ऐकीव नको, स्वतःवर बेतलेलं लिहा.

राजारामपुरी

मावशी, भाचीला आमच्या घारीचं सांगा. शेजारच्या निलगिरीवर तिचं घरटं होतं. फेब्रुवारीत आई गच्चीवर कुरडया घालत होती. मागून सूं करून काहीतरी आलं आणि आईच्या डोक्याला नखाचा ओरखडा बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चाळीतली मंडळी फांदी तोडायला निघाली. वडिलांनी हात जोडून थांबवलं, म्हणाले, पिल्लं उडेपर्यंत दीड-दोन महिने कळ काढा. वाळवण समोरच्या काकूंच्या गच्चीवर गेलं. आमच्या गच्चीवर जायचं झालं की उघडी छत्री घेऊन जायचं. छत्रीवर ती एकदाही आली नाही.

वडील खुर्ची टाकून तिला न्याहाळायचे. त्यांच्या लक्षात आलं की ती नेहमी पाठीमागून येते. आपण वळून तिच्याकडं बघितलं की वाट बदलते. पुढं वाचनात आलं की इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये नेमकं हेच कुरवांवर करून पाहिलं. तळलेल्या बटाट्याच्या फोडींची (फ्रेंच फ्राइजची) पिशवी ठेवली आणि कुरवाकडं टक लावून बघितलं, तर तो जवळ यायला जास्त वेळ घेतो, पुष्कळदा येतच नाही. भाचीला म्हणावं, खाताना पाठ भिंतीला लाव आणि नजर त्याच्यावर ठेव.

आणखी एक. ती घार आमच्याच गल्लीत का रमली? कोपऱ्यावर रोज कोंबडीची आतडी, पंख टाकले जायचे. ते बंद करायला आम्हाला घरट्यापेक्षा जास्त दिवस लागले.

मालवण (माहेर उत्तरेश्वर पेठ)

नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळं सहा वर्षं इथं आहे. आमच्याकडचे कुरव पाहुणे. दिवाळीनंतर येतात, उन्हं तापली की जातात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर पिल्लं काढतो, त्यामुळं इथं घरट्यावरून भांडण नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला लागले की वर नुसता पांढरा गलका असतो. बोटीतले पर्यटक त्यांना शेव, गाठ्या टाकतात आणि फोटो काढतात, ते मला बघवत नाही. समुद्रातलं मासं खाणारा जीव तेलकट फरसाणाला लागतो आणि माणसाच्या हाताला जवळ येतो. भाचीच्या गावी जे झालं त्याची सुरुवात अशीच झाली असणार, असं मला वाटतं.

सुकट वाळत घातली की कावळे आणि घारी पडतात. इथल्या बायका त्यावर जुनं जाळं अंथरतात. एवढंच करतात, पण रोज करतात.

वडणगे

आमच्यात गवा आला त्या रात्रीचं सांगतो. ऊसतोडणी सुरू होती. पहाटे टोळीतला एक जण पळत आला, "फडात म्हशी हायत, पर म्हशी न्हाईत." बॅटरी मारली तर तीन गवे. पायात पांढरे मोजे घातल्यागत, अन् पुढचा नर छपराएवढा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. दाजीपूरच्या रानात लांबून बघितलेला, पण आपल्या सरीत उभा असला की पोटात गोळा येतो.

उजाडायच्या आत दोनशे माणूस जमलं. मोबाइल, शिट्ट्या, आरोळ्या. पुण्यात कोथरूडला डिसेंबर 2020 मध्ये गवा शिरला होता, लोकांच्या पळापळीत तो दमून मेला, ते मी टीव्हीवर बघितलेलं. तोंडाला फेस आलेला तो गवा माझ्या डोळ्यांपुढनं जात नव्हता. पोलीस पाटलांना म्हटलं, पहिल्यांदा माणसं हटवा. 1926 वर वन खात्याला फोन लावला. त्यांची माणसं आली तेव्हा त्यांनी पण तेच सांगितलं, गव्याला काही करायचं नाही, गर्दीला करायचं. नदीकडची पाणंद मोकळी सोडली, तिकडचे दिवे बंद केले, तोडणी थांबवली. दिवसभर गवे फडात बसून राहिले. रात्री साडेदहाच्या सुमारास पाचटाचा आवाज आला, मग पाणंदीत खुरांचा. सकाळी नुसत्या खुणा.

ऊस तुडवला गेला, कारखान्याची पाळी चुकली, हे खरं. पर माणूस गेलं न्हाई अन् जनावरही गेलं न्हाई. त्या रात्री माझी पोरं पहिल्यांदा माझ्यामागं गपचिप उभी होती.

प्रयाग चिखली

2019 चा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला धोका पातळी 43 फूट, आणि पाणी 55 च्या वर गेलेलं. आठ-दहा दिवसांनी घरी परतलो तर चिखल गुडघाभर. सासूबाई चुलीमागची लाकडं उचलायला गेल्या आणि नाग फणा काढून उभा. जन्मभर नागपंचमीला दूध ठेवणारी बाई जागच्या जागी थिजली. मी त्यांना खांद्याला धरून, एकेक पाऊल मागं आणलं. दार लोटलं, फटीला गोणपाट लावलं आणि सर्पमित्राला फोन केला. त्यानं पाइप आणि पिशवी लावून धरला, कुणाला हात लावू दिला नाही.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत धामण, दिवड आणि एक घोणस निघाली. धामण बिनविषारी, तरी एका घरात तिला काठीनं मारलं. मला फार वाईट वाटलं. पुरात तिचंही बीळ बुडालं होतं. तेव्हापासून पावसाळ्याआधी जळण ओट्यावर चढवते, चप्पल झटकून घालते, रात्री बॅटरीशिवाय उंबरा ओलांडत नाही. आणि चावलाच तर चिरा, दोरी, मंत्र काही नाही, सरळ कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे सरकारी रुग्णालय. प्रतिसर्पविष तिथं मिळतं.

भाऊसिंगजी रोड

टाऊन हॉलच्या बागेतली वटवाघळं माझ्या दुकानावरून रोज तिन्हीसांजेला निघतात. पूर्वी घाण करतात म्हणून राग यायचा. गाडीवर आता कापड टाकतो. फळं खाऊन बिया लांब नेऊन टाकतात, एवढं कळल्यावर राग गेला.

आजरा

सगळ्यांचं वाचलं. मनापासून लिहिलंय, पण एक सांगायचं आहे. छत्रीनं घार थांबते, हत्ती थांबत नाही. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती या बाजूला आले, तेव्हापासून आमची झोप गेली. एका रात्रीत माझी केळीची बाग आणि वडिलांनी लावलेले चार माड गेले. पंचनामा झाला, पैसेही आले, पण माड वाढायला लागतात तेवढी वर्षं कोण देणार? मी हत्तीचा वैरी नाही. सकाळी त्याच्या पावलात साचलेलं पाणी बघून आईनं हळद-कुंकू वाहिलं, मी अडवलं नाही. फक्त शहरातल्यांनी "त्यांची जागा आपण घेतली" असं म्हणताना आमच्या बागेच्या कडेला एक रात्र काढावी.

मंगळवार पेठ

आजऱ्याचे दादा, तुमचं लिहिलेलं भाचीला फोनवर शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही.

आज जुलै संपतोय. ती छत्री घेऊन बाहेर पडायला लागली. घरमालकिणीला सांगून कचऱ्याच्या पिशव्यांऐवजी झाकणाचा डबा आणला. अंगणात पडलेल्या पिल्लाला कुणी हात लावला नाही, आईबाप तिथंच उतरून त्याला भरवायचे. कुरवाच्या पिवळ्या चोचीवर खालच्या बाजूला लाल ठिपका असतो. पिल्लू त्यावर टोच मारतं, तेव्हा आई घास बाहेर काढते. हे तिनं खिडकीतून पाहिलं आणि मला रात्री साडेबाराला उठवून सांगितलं. काल ते पिल्लू कुंपणावर चढलं होतं. आज सकाळी कुंपण रिकामं होतं, आणि समोरच्या छपरावर करड्या पिसांचं काहीतरी बसलेलं तिला दिसलं. तेच असावं, म्हणाली.