लहान मंडळीतल्या सेवकांमध्ये नेतृत्व आणि एकोपा कसा वाढवावा? (इंदूर)

मराठी_उपासना_इंदूर यांचा प्रश्न:

सर्वांना सलाम. आमची मंडळी (चर्चचे सभासद) लहान आहे, रविवारी ७०-८० माणसं. सकाळी साडेआठला हिंदी उपासना, अकराला मराठी. दोन्हींना पाळकसाहेब (पास्टर) एकच. पूर्णवेळ तेवढेच. बाकी एक अर्धवेळ सुवार्तिक (प्रचारक), ऑफिस बघणारे एक निवृत्त गृहस्थ (मानधनावर), संडे स्कूलच्या दोन ताई, पेटी-तबल्यावर दोघे आणि आवारातच राहणारा चौकीदार. पाळकीणबाईंचं नाव कुठल्याच यादीत नाही, पण अर्धं काम त्यांच्याकडेच येतं.

अडचण अशी की प्रत्येक गोष्ट पाळकसाहेबांपाशी येऊन थांबते. माइकच्या कपाटाची किल्लीसुद्धा त्यांच्याच खिशात. तरुणांना काम दिलं की दोन-तीन रविवार उत्साहाने करतात, मग गळतात. नेतृत्वावर दोन दिवसांचं शिबिर झालं, महिनाभर परिणाम दिसला, नंतर पुन्हा तेच. बैठक रविवारी उपासनेनंतर होते, दोन तास चालते आणि ठरत काहीच नाही. शिवाय हॉलवरून संडे स्कूल आणि गायनवाल्यांची कायमची कुरबुर. उपदेश नको, काय आणि कसं करायचं ते सांगा.

---

निवृत्त_पाळक_माळवा

शिबिराने नेतृत्व येत नाही, कारण शिबिरात कोणाच्या हाती काही सोपवलं जात नाही. काम सोपवताना त्यासोबतचा अधिकार मागे ठेवला, की माणूस हमाल होतो आणि दोन-तीन रविवारांत थकतो. तुमचे तरुण त्यामुळेच गळतात.

आधी कामांची मोजदाद करा. प्रत्येकाने महिनाभर आपण करतो ते प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहायचं. 'फुलं बदलणे', 'प्रोजेक्टरवर गीतांचे शब्द चढवणे', 'आजाऱ्यांची भेट', 'पाण्याचा टँकर बोलावणे' इतकं बारीक लिहा. पाळकीणबाईंनीही लिहायच्या, आणि सगळ्यांत जाड गठ्ठा त्यांचाच निघेल याची मनाची तयारी ठेवा. मग सगळ्यांसमोर तीन ढीग करा.

पहिला, दीक्षा मिळालेल्या पाळकानेच करायची कामं: प्रभुभोजन, बाप्तिस्मा, विवाह (विवाह कोण लावू शकतो हे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ठरलेलं आहे, तिथे वाटावाटी नाही). हा ढीग अगदी लहान असतो. दुसरा, पाळक करतात पण त्यांनीच करायला हवं असं नाही. तिसरा, कोणाचंच नसलेलं काम, जे दिसेल त्याच्या गळ्यात पडतं. भांडणं बहुतेक या तिसऱ्यातून उगवतात.

दुसऱ्या ढिगातून पहिल्या तिमाहीत फक्त तीन कामं काढा. एकदम दहा वाटली तर सहा परत येतात आणि "बघा, कोणी करत नाही" म्हणायला कारण मिळतं. प्रत्येक कामाला अर्ध्या पानाचा कागद: काम काय, कधीपर्यंत, कोणते निर्णय स्वतः घ्यायचे, कोणते विचारून, खर्चाची मर्यादा किती, आणि गैरहजेरीत कोण. उदाहरणार्थ ध्वनिव्यवस्था: कपाटाची किल्ली ती बघणाऱ्याकडे, दुसरी ऑफिसात. केबल, सेल, जॅक यांवर महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत न विचारता खर्च, बिल तीन दिवसांत खजिनदाराकडे. नवा मिक्सर किंवा स्पीकर घ्यायचा तर मंडळीच्या कमिटीसमोर. बायबलमध्ये निर्गम १८ मध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला हेच सांगतो: लहान प्रकरणं नेमलेल्या माणसांनी निकालात काढावी, मोठी तुझ्याकडे आणावी. लहान कुठे संपतं आणि मोठं कुठे सुरू होतं, ही रेघ कागदावर नसेल तर सगळंच 'मोठं' ठरतं आणि पुन्हा पाळकांच्या दारात येतं.

शिकवण्याचा क्रम आठ रविवारांचा धरा. पहिले दोन, शिकणाऱ्याने बघायचं. पुढचे दोन, दोघांनी मिळून. नंतरचे चार, त्याने करायचं आणि शिकवणाऱ्याने मागच्या बाकावर बसायचं. नवव्या रविवारी शिकवणारा त्या कामाजवळ फिरकतही नाही.

आता बिघडतं कुठे ते. पाळक वेदीजवळून हाताने खूण करतात: आवाज वाढव, दुसरं कडवं सोड. ती खूण पूर्ण मंडळी बघते. त्या दिवसापासून तो मुलगा मिक्सरकडे न बघता पाळकांच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. शिट्टी वाजली, शब्द चुकले, तरी उपासना संपेपर्यंत हात लावू नका. सुधारणा मंगळवारपर्यंत, एकट्याला गाठून, एका वेळी एकच.

आणि निवड करताना बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ६ नीट वाचा. तक्रार होती ग्रीक बोलणाऱ्यांची, रोजच्या वाटपात आपल्या विधवांना डावललं जातं म्हणून. सात जण निवडायला प्रेषितांनी शिष्यांनाच सांगितलं, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप. तुमच्याकडे मराठी उपासनेला 'उरलेला वेळ' मिळतो अशी भावना असेल, तर दोन्ही उपासनांचं वेळापत्रक लावण्याचं काम मराठी गटातल्या कोणाला देऊन बघा.

---

जुनी_इंदूर_ताई

वरचं सगळं मान्य. मी बैठकीचं सांगते, कारण सोपवलेलं काम बैठकीतच परत हिसकावलं जातं.

रविवारी उपासनेनंतर बैठक घेऊ नका. पोटात भूक, मुलं कंटाळलेली, नर्सिंगवाल्यांना दुपारची ड्यूटी. अशा वेळी लवकर सुटायचं म्हणून लोक हो म्हणतात, त्याला निर्णय म्हणत नाहीत. दर आठवड्याला मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी सात ते सात-पन्नास. विषय सोमवारी रात्री नऊपर्यंत व्हॉट्सॲपवर. नंतर आलेला विषय पुढच्या वेळी, पाळकसाहेबांचा असला तरी.

क्रम: वाचन आणि प्रार्थना ७ मिनिटं. मागच्या रविवारी काय जमलं, काय अडलं, १० मिनिटं. येणारे दोन रविवार १५. एकच मोठा विषय १५. शेवटची तीन मिनिटं नोंदी मोठ्याने वाचायला. रजिस्टरमध्ये तीनच रकाने: काय, कोण, केव्हा. 'कोण'च्या खाली 'सगळे' किंवा 'गायन ग्रुप' लिहिलं असेल तर ते काम होणार नाही असं समजा. तिथे एका माणसाचं नाव हवं.

अध्यक्षस्थान दर महिन्याला बदला, पाळकसाहेबांकडे नको. त्यांनी मोठ्या विषयावर सगळ्यांत शेवटी बोलायचं. ते आधी बोलले की आपल्याकडची माणसं आदरापोटी गप्प होतात आणि खरं मत फाटकाबाहेर स्कूटर सुरू करताना निघतं.

पाळ्यांची यादी तीन महिन्यांची लावा, पण आधी पीथमपूरला कारखान्यात जाणाऱ्यांना त्यांच्या शिफ्ट विचारून घ्या. शिफ्ट फिरत्या असतील तर 'दर दुसरा रविवार' हे गणित जमत नाही. प्रत्येक नावापुढे बदली माणसाचं नाव. अदलाबदल करायची असेल तर ज्याची पाळी त्यानेच दुसऱ्याशी बोलायचं आणि फक्त कळवायचं. सचिवाने फोन फिरवत बसायचं नाही, नाहीतर पाळी चुकली तर दोष सचिवाचाच ठरतो.

शहराचं कॅलेंडरही शेजारी ठेवा. २०२४ मध्ये २९ मार्चला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ३० ला रंगपंचमी, ३१ ला ईस्टर होता. रंगपंचमीच्या गेरमुळे (रंग उधळत निघणारी मिरवणूक) राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, त्या शनिवारी सजावटीसाठी कोण कुठून येणार हे आधी ठरलेलं नसेल तर ईस्टरच्या पहाटे वेदी तशीच उघडी. अनंत चतुर्दशीला झांक्या (सजवलेले देखावे) निघतात, त्या रात्री सराव ठेवूच नये.

व्हॉट्सॲपवर दोन गट: एक फक्त सूचनांचा, एक बोलण्याचा. वाद सुरू झालाच तर तिसऱ्या मेसेजनंतर कोणीतरी फोन उचलावा.

---

खजिन्याची_वही

ताईंशी एका बाबतीत सहमत नाही. दर आठवड्याची बैठक मानधनवाल्यांना ठीक आहे, पेटी-तबलावाल्यांना नाही. ते आधीच सराव आणि रविवार देतात, तिसरी संध्याकाळ मागाल तर ती पहिल्या दोघींतून वजा होईल. पाळक, सुवार्तिक, ऑफिस आणि चौकीदार यांची दर आठवड्याला अर्धा तास, बाकी सगळ्यांसह महिन्यातून एकदा. होय, चौकीदारही. फाटक, पाणी, दिवे, हॉल कोणी कधी वापरला, हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक नसतं. त्याला निर्णय फक्त हुकूम म्हणून कळत असतील तर तुमची टीम एका माणसाने कमी आहे.

मानधन ठरल्या तारखेला द्या. सुवार्तिकाला दहा तारखेचे पैसे तेवीसला मिळत असतील तर एकोप्यावरचं कोणतंही वचन कानात शिरणार नाही. प्रवासखर्च, फोन रिचार्ज, झेरॉक्स हे खिशातून करवून घेऊ नका. प्रत्येकी ५०० रुपयांची आगाऊ रक्कम आणि एक छोटी वही पुरते. पाळकीणबाईंचं काम चिठ्ठ्यांवर आलं की त्यांना थेट विचारा: यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं? जे ठेवतील त्याला पद आणि खर्चाची तरतूद द्या. जे सोडतील ते घ्यायला माणूस शोधा, आणि मिळाला नाही तर ते काम काही महिने होऊ नये.

अर्पणाची मोजणी हाही टीमचाच विषय आहे. एका घरातले नसलेले दोघे, दानपात्र उघडण्यापासून सही करेपर्यंत एकत्र. नोटांच्या प्रकारानुसार छापील तक्ता, दोन सह्या, पैसे बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात. मोजणाऱ्यांच्या जोड्या दर महिन्याला बदला. पाळकांनी मोजणीला बसू नये, त्यांच्याच रक्षणासाठी. लहान मंडळीत संशय बोलून दाखवत नाहीत, पण त्याने माणसं एकमेकांपासून तुटतात.

---

पेटीमास्तर

हॉलच्या कुरबुरीबद्दल. हा स्वभावाचा प्रश्न समजू नका, वेळेचा आहे. हिंदी उपासना साडेआठची, म्हणजे हॉल दहाला रिकामा होतो. संडे स्कूलला दहा ते पावणेअकरा हवा असतो आणि वाद्यं जुळवायलाही नेमका तोच पाऊण तास. तबला चढवायला, पेटी-माइक लावायला २० मिनिटं खरोखर लागतात. उपाय: मुलांचा आरंभ गीतांनी न करता गोष्टीने करा आणि तो ऑफिसच्या खोलीत किंवा व्हरांड्यात, १०.२५ पर्यंत. तेवढ्यात वाद्यं लागतात. १०.२५ ला मुलं हॉलमध्ये येऊन लागलेल्या वाद्यांवर गातात, १०.४५ ला सुटतात. वादकांना मुलांचा सराव मिळतो, ताईंना साथ मिळते. हे चार रविवार करून बघा, मग कायम करा. तक्ता हॉलच्या दारावर, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या.

माणसामाणसांतल्या भांडणाला मत्तय १८:१५-१७ चा क्रम: आधी एकट्याने जाऊन बोलणं, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळी. पाळकसाहेबांकडे कोणी दुसऱ्याची तक्रार घेऊन आला तर त्यांचा पहिला प्रश्न हाच असावा: "त्याच्याशी बोललात?" नसेल तर तिथेच परत पाठवा.

पण हा क्रम सगळीकडे लावू नका, इथे मंडळ्या मोठी चूक करतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. 'आधी भावाशी एकांतात बोलू' तिथे चालत नाही. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. संडे स्कूलमध्ये एका खोलीत नेहमी दोन प्रौढ, दार उघडं. स्त्री कर्मचाऱ्याची लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ चा कायदा लागतो. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून आजच घेऊन ऑफिसच्या फळ्यावर लावा.

---

मराठी_उपासना_इंदूर

मनापासून आभार. चिठ्ठ्या याच महिन्यात सुरू करतो. एक राहिलं: आमच्याकडे पाळकांची बदली होते. नवे साहेब आले की जुनं सगळं मोडतं. आणि आत्ताच्या साहेबांनी किल्ली सोडलीच नाही तर?

---

निवृत्त_पाळक_माळवा

किल्लीचं आधी. बहुतेक पाळक सत्तेच्या हौसेने धरून ठेवत नाहीत. काम बिघडलं की बोलणी त्यांनाच बसतात, म्हणून धरतात. तेव्हा कमिटीनेच ठरावात लिहावं की अमुक काम अमुक व्यक्तीकडे, चुकल्यास जबाब कमिटीकडे. मग एकच काम मागा, तीन महिन्यांसाठी, मुदतीसह. ध्वनिव्यवस्थेऐवजी छापील सूचनापत्रापासून सुरुवात केली तरी चालेल, तिथे चूक झाली तर दुरुस्ती सोपी असते.

बदलीसाठी एक फाइल, ऑफिसात आणि सचिवाकडे एकेक प्रत: सगळे अर्ध्या पानांचे कागद, तीन महिन्यांची पाळ्यांची यादी, बैठकीचं रजिस्टर, किल्ल्या कोणाकडे त्याची नोंद, मानधनाच्या तारखा, मोजणीच्या जोड्या, हॉलचा तक्ता. नव्या पाळकांना पहिल्या आठवड्यात ती फाइल कमिटीने द्यावी आणि विनंती करावी की पहिले तीन महिने यातलं काही बदलू नका, फक्त बघा. चौथ्या महिन्याच्या बैठकीत त्यांचा विषय पहिला घ्या. कागदांवर तारीख टाका आणि दर जूनमध्ये फिरवून बघा. नाव बदललं आणि कागद तसाच राहिला, की पुढचा माणूस पुन्हा साहेबांनाच विचारायला जातो.